नवं पॅकिंग आणि रविवारचं तेल

तुम्ही हसाल, पण ह्या पिकअपच्या गळतीपायी मी बबन मिस्त्रीशी जवळजवळ बोलणंच सोडलं होतं. इंजिनाखालून तेल गळायचं, म्हणून त्यानं पाथर्डीच्या गॅरेजात ऑइल चेंबर उतरवून नवं पॅकिंग टाकलं आणि छातीठोक सांगितलं, "आता थेंब पडला तर मला मिस्त्री म्हनू नका."

पुढच्या रविवारी सकाळी गाडीखाली हे एवढं पिवळं तेल! मी जाऊन भांडलो. बिचाऱ्यानं पुन्हा चेंबर उतरवून दुसरं पॅकिंग टाकलं. त्याच्या पुढच्या रविवारी परत तेच. मग मी त्याला मोटारसायकलवर बसवून घरीच आणला.

तो गाडीखाली शिरला, तेलात बोट बुडवून वास घेतला आणि तिथूनच ओरडला, "दादा, चेंबर कोरडंठाक हाय. हे तिळाचं तेल हाय!"

मी ओट्यावर बसलेल्या आईकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतो? गाडीला शनी लागलाय, म्हनून दर शनिवारी सांजच्याला तिच्या तोंडावर वाटीभर तेल घालते म्या."

"अगं, तेच खाली गळतंय! मिस्त्रीनं गाडी पहिल्याच वेळी नीट केली हुती."

"मिस्त्रीनं?" आई उखडली. "म्या तेल घालाया लागले, तवा नीट झाली!"

गाडीखालून बबनचा आवाज आला, "मावशी, गॅरेजला आजून तीन गाड्या गळत्यात. शनिवारी वाटी घेऊन या."