चौथा प्लग

(घरामागची शेड. जुन्या डिझेल व्हॅनचं बॉनेट उघडं. सून इंजिनवर वाकलेली, सासरे स्टुलावर बसलेले; त्यांचा उजवा हात थरथरतोय.)

सून: दोन हीटर प्लग नवीन बसवले, आबा. तिसऱ्याला टेकवला की टेस्टचा बल्ब लागतोय.

आबा: म्हणजे तो जिवंत आहे. तापतोय. जोडपट्टी लाव आणि बॉनेट बंद कर.

सून: आणि चौथा?

आबा: चौथ्याला हात लावू नकोस.

सून: का बरं?

आबा: चांगला आहे तो. आणि नसला तरी तीन प्लगांवर गाडी चालू होते.

सून: दुपारी होते हो. सकाळच्या गारठ्यात नुसती धूर ओकते. उद्यापासून शाळेच्या मुलांची फेरी मी मारणार, पहिला दिवस माझा. शाळेने तोंडावर सांगितलंय, गाडी आली नाही तर फेरी दुसऱ्याला. मग खायचं काय आपण? डिझेलचा धूर?

आबा: हट्टाला पेटू नकोस, सूनबाई. तो पार मागचा, अडचणीतला. काढताना आत तुटला तर इंजिनचं अख्खं हेड खोलावं लागेल. मग बस शेडमध्येच गाडी घेऊन.

सून: काढत नाही. नुसती बल्बची वायर टेकवते... आबा, लागत नाही.

आबा: काजळी धरली असेल. पॉलिश पेपरने डोकं घास. सीटखाली आहे... नको, थांब, मी देतो.

सून: तुम्ही कशाला उठता? घेतला मी. हे बघा, घासलं. आता टेकवते. नाही लागत.

आबा: परत लाव.

सून: परत लावलं. गेलाय तो, आबा.

आबा: नसेल गेला. त्याने बसवलाय.

सून: कुणी?

आबा: कुणी काय विचारतेस? तुझ्या नवऱ्याने. दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी. धाप लागत होती, मध्येच खाली बसला. म्हटलं, राहू दे, मी आवळतो. तर मलाच म्हणाला, आबा, तुमचा हात कापतो, आटे मारले जातील. आधी बोटांनी फिरवला, मग पाना लावला. तिथून परत आलाच नाही पोरगा. त्याच्या हातचं आवळलेलं या गाडीत एवढंच उरलंय.

सून: वर्ष झालं, आबा. एका शब्दाने बोलला नाहीत.

आबा: काय बोलणार? तुझं दुःख काय कमी होतं?

सून: म्हणून सीटखाली हा डबा का? स्टार्टिंग स्प्रे?

आबा: बघितलास होय.

सून: रोज सकाळी हा मारून गाडी चालू करत होतात? आणि गॅरेज चालवत होतात तेव्हा फवारा मारणाऱ्या गिऱ्हाइकाला तर उभं-आडवं झापायचात. प्लगची टोकं जळतात म्हणून.

आबा: लोका सांगे ब्रह्मज्ञान. कळत होतं गं सगळं. पण एक फवारा मारला की त्या प्लगला पाना लावायची वेळ टळायची. आज टळली, उद्या टळली. जपायला गेलो आणि मीच जाळला.

सून: रडू नका हो, आबा.

आबा: तुझ्यासमोर नाही रडायचं तर कुणासमोर?

सून: मग मीही रडेन. आणि दोघं रडत बसलो तर काम कोण करणार?

आबा: इंजिन गरम आहे अजून?

सून: आहे. मघाशीच फिरवून आणली ना.

आबा: तेल सोड बुडाशी. मुरू दे जरा. आता पान्याची गोटी प्लगच्या डोक्यावर सरळ बसव आणि नुसता कल दे. जोर नको.

सून: हलत नाही.

आबा: आवळायच्या बाजूला किंचित ने. आता सोडायच्या. परत तेल.

सून: करकरतोय! तुटेल, आबा.

आबा: करकरू दे, सुटताना करकरतोच. हाताला मऊ लागला तर मात्र तिथेच थांब.

सून: नाही, कडकच आहे. फिरला... फिरतोय...

आबा: सावकाश, माझी बाय. सावकाश.

सून: आला! टोक फुगलंय, काळंठिक्कर पडलंय. पण अख्खा आलाय. धरा.

आबा: गरम आहे गं अजून.

सून: फडक्यात घ्या, भाजेल.

आबा: भाजू दे.

सून: हा नवीन. तुम्ही बसवा, आबा. तुमच्या हाताने बरं.

आबा: माझा हात कापतो, पोरी. आटे मारले जातील. तूच बसव. आधी बोटांनी.

सून: बोटांनीच फिरवतेय. सरळ जातोय. आता पाना... बसला. बल्ब टेकवू?

आबा: टेकव.

सून: लागला! आता चारही लागतात.

आबा: मग उद्या सकाळी गाडी चालू होईल.

सून: नक्की ना, आबा? मुलं थंडीत उभी असतील हो.

आबा: होईल. तू बसवलायस ना.