खोक्यांचे फोटो

दुसऱ्याच्या बोलण्याकडे कान देणं जुलियाना टीचरांना मुळीच आवडायचं नाही. पण विरारचं ते मोबाइलचं दुकान केवढंसं! त्यांच्या फोनला काच लावता लावता दुकानदार प्रितेश शेजारच्या माणसाशी बोलत होता. त्या माणसाच्या निळ्या शर्टावर सातिवलीच्या कुठल्याशा कारखान्याचं नाव होतं.

“ह्या फोनची रॅम वाढवून दे.”

“रॅम वाढत नाही, काका. फोनच नवा घ्यावा लागेल. यावर चालवता काय एवढं?”

“हजेरी. कंपनीचं ॲप दिवसभर मागे चालू ठेवायचं. ते बंद पडलं की मी गेटाबाहेर गेलो, असं धरतात.”

“बंद कधी पडतं?”

“फोटो काढला की.”

“कामावर फोटो कशाला काढता?”

“हौस हाय का मला? भरलेल्या प्रत्येक खोक्याचा फोटो साहेबाला पाठवायचा, असा नियम हाय.”

“तुमची रॅम दोनच जीबी. कॅमेरा उघडला की जागा पुरत नाही, मग फोन मागचं ॲप बंद करतो. आठ तरी पाहिजे.”

“म्हंजे खोकं भरलं की मी गैरहजर.”

“मग फोटो नका काढू.”

“मग खोकं भरलंच नाय, असं होतं.”

काच लावून झाली होती. टीचर उठल्या नाहीत; न राहवून मधेच बोलल्या,

“अहो, साहेबाला तेच फोटो दाखवा ना! दिवसभराचे आहेत, प्रत्येकावर वेळ आहे.”

“दाखवले. एकशे चाळीस होते. सगळे बघून साहेब म्हनला, ह्यात खोकी दिसतात. तू कुठे दिसतोस?”