नळावर आलेला राग

अवं, विहारात भन्तेजीनं सांगितलं होतं, राग आला की भांडू नका, नुसतं त्याच्याकडं पाहा. तवा आमच्या नंदनवन वस्तीत घरोघरी नळ नव्हते. दुसऱ्याच दिवशी चौकातल्या नळावर शेजारच्या कमलाबाईनं माही अर्धी भरलेली घागर बाजूले सारली, अन् नळ जायची वेळ झालेली! मी डोळे मिटले अन् म्हणत राहिली, "राग आला... राग आला..."

कमलाबाई ओरडली, "पाहा वं, हिच्या अंगात आलं!" बायांनी चटकन हात जोडले.

"देवी नाही वं, रागच आला. त्याले पाहून राहिली मी."

"मंग?"

"गेला!"

खरंच गेला होता वं! मले इतकी खुशी झाली का हसूच आवरेना. कमलाबाईनं माही घागर परत नळाखाली लावली अन् हळूच म्हणाली, "मलेबी शिकव वं. घरी सासू हाये."