देह धारण केला

ताई : दोन्ही बादल्या भरून ठेवल्यात. ऊठ.

फादर : आधी प्रवचन. नाताळ उद्यावर आलाय. संध्याकाळी धाकटे फादर कागद न्यायला येतील, माझ्याजागी तेच वाचणार.

ताई : तुला दवाखान्यातून घरी आणून सहा दिवस झाले. सहा दिवस अंगाला पाणी नाही.

फादर : झटक्यानं उजवी बाजू गेली माझी. कशी करू अंघोळ?

ताई : मी घालते म्हणतेय ना.

फादर : मी सदुसष्ट वर्षांचा आहे. धर्मगुरू आहे.

ताई : ठाऊक आहे. तुझ्या दीक्षेला मी पुढच्याच बाकावर होते.

फादर : एखादा माणूस बघू कामाला.

ताई : नाताळात? बघ हं.

फादर : मग लिही. 'प्रिय बंधुभगिनींनो, परमेश्वराने आपले वैभव त्यागून मानवी देह धारण केला.'

ताई : धारण केला म्हणजे? अंगात सदरा घालतो तसा?

फादर : नाही. तसं मानणं पाखंड आहे. खराखुरा माणूस झाला तो.

ताई : मग तसंच लिहिते. 'खराखुरा माणूस झाला.' पुढं?

फादर : 'सर्वसमर्थ देव बालकाच्या रूपात...'

ताई : रूपात?

फादर : ...बाळ झाला. लिही, बाळ झाला.

ताई : म्हणजे त्याचं सगळं दुसऱ्यांनी करायचं.

फादर : अर्थात.

ताई : दूध, दुपटी, अंघोळ.

फादर : ताई, तू कुठं चालली आहेस ते कळतंय मला.

ताई : मी कुठंच चालले नाही. पाणी निवत चाललंय.

फादर : आजवर लोकांच्या पोरांना बाप्तिस्मा मी दिला. आजाऱ्यांच्या कपाळाला तेल मी लावलं. माणसं माझ्यापुढं गुडघे टेकतात. आणि आता माझ्या विजारीची नाडी दुसऱ्यानं सोडायची?

ताई : हो.

फादर : नुसतं 'हो'?

ताई : आणखी काय म्हणू? दवाखान्यात नर्सनं पुसून काढलं तुला. मी शेजारी उभी होते. आभाळ कोसळलं नाही.

फादर : तेव्हा मला शुद्ध नव्हती.

ताई : हं. शुद्धीत असताना करून घेणं अवघड.



फादर : हे मी कधी सांगितलं नाही.

ताई : काय?

फादर : चाळीस नाताळ प्रवचन केलं. देवानं आपल्यासाठी काय काय केलं, तेच सांगत आलो. त्यानं आपल्याकडून करून घेतलं, हे राहिलंच. आईनं उचललं तर उचललं, नाहीतर गव्हाणीत पडून राहायचं. आणि हे त्यानं स्वतःहून पत्करलं. त्याला कुठं झटका आला होता?

ताई : लिहू?

फादर : लिही.

ताई : 'झटका'पण?

फादर : तो नको. 'स्वतःहून पत्करलं' लिही.

ताई : लिहिलं. पुढं?

फादर : पुढचं मग. ती खुर्ची सरकव इकडं.

ताई : माझ्या खांद्यावर भार टाक. अजून टाक, मी मोडत नाही. डोळे मिटून घालू का अंघोळ?

फादर : धडपडशील. उघडेच ठेव.

ताई : बस असा. पाणी कसंय?

फादर : बरंय. ताई...

ताई : काय रे?

फादर : डोक्यावर ओतताना मान धर माझी.