मनगटाचे वेढे

दवाखान्यातल्या बाकावरच्या म्हाताऱ्याच्या नखांत बैलगाडा शर्यतीचा गुलाल होता. कडेला गडद, मध्ये फिका. त्याचा मुलगा गहिनीनाथ आतल्या खाटेवर होता. म्हाताऱ्याशेजारी त्याची बायको केशर बसली होती.

“अवो, पोराचा हात काळा पडलाय. ईख वर चढतंय, हात काढाया पायजे म्हनत्यात डॉक्टर.”

“उद्या सांगू.”

“काल बी हेच म्हनला.”

“एका हाताचा गडी दुष्काळी कामावर खडी कशी फोडंल?”

“मेल्यावर फोडंल का?”

“गाड्याची पुढची जोडी त्याच्यावानी धरनारा न्हाई कुनी, केशर. झेंडा पडंस्तवर बैल हलत न्हाई.”

“म्हनून कासरा मनगटाला गुंडाळायला लावला?”

“बैल झेंड्याआधी सुटले तर बारी बाद व्हती. समदेच गुंडाळत्यात.”

“समदे एक येढा घालत्यात, झटक्यात सुटंल असा. तुमी तीन घातले. सवताच्या हातानं.”

“बारी पहिली आली.”

“व्हय. आन् पोरगं मागनं फरफटत आलं.”

डॉक्टर दारात आले. “ठरलं का, बाबा?”

म्हाताऱ्याने नखं धोतराला पुसली, पुन्हा पुसली.

“हात काढा, सायेब. पोरगं तेवढं ठेवा.”