वंशावळीतला गोल

बोलू नकोस आक्का. नुसती मान हलव. बोललीस की तोंड सुकतं, आन् आत्ताशी कुठं रेघेच्या निम्म्याला आलंय — फेस धरायचा न्हाई, फेसाखाली पाणी दिसतंय तेवढंच खरं, डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय. थुंक. सावकाश. इतकी वर्षं आमच्या दारावरनं जाताना थुंकत आलीस, तेव्हा कुणी नळी धरली नव्हती का माप घेतलं नव्हतं — बरं बरं, डोळे वटारू नकोस, गंमत केली. मिश्री लावून अर्धा तास झाला ना नक्की? कर्वेनगरला तिसरा मजला, लिफ्ट बंद, जिना चढून आलोय मी गुडघ्याला पट्टा लावून, आन् सख्ख्या भावाला तू पाणीसुद्धा विचारलं न्हाईस — न्हाई, बरोबर हाय, तोंडात थुंकी हाय तुझ्या, विचारणार कशी.

तर ऋतिकाचं सांगत होतो. तू तिला शेवटची बघितलीस तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले. आता हिंजवडीला हाय, कंपनीत. काय काम करती ते मला विचारू नकोस, मला फक्त बस कुठं थांबती ते माहीत हाय. तर त्या कंपनीत शिबिर झालं तपासणीचं — साखर, चरबी, आन् जोडीला हे, घराण्यातनं छातीचा कॅन्सर येतो का ते. निकाल आला. काय आला? तर म्हणे जनुकात एक बदल हाय, पण तो घातकी हाय का नुसता बिनकामाचा, ते लॅबलाच माहीत न्हाई. जगात फार कुणात सापडलेला न्हाई म्हणे, त्यामुळं सांगता येत न्हाई. ऋतिका रडाय लागली. मला मात्र लगेच कळलं — निकाल राखून ठेवलाय. एवढी वर्षं आपण दोघं कोर्टात काय करतोय मग? दोषी न्हाई, निर्दोष न्हाई, पुढली तारीख घ्या.

पण पोरगी तारखेवर थांबायला तयार न्हाई ना. दिवसभर फोनवर वाचत बसती आन् म्हणती, पप्पा, मी दोन्ही काढूनच टाकते, कटकट मिटंल. सत्ताविसाव्या वर्षी, आक्का. दुखत न्हाई, खुपत न्हाई, गाठ न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असल्या अर्धवट निकालावर सुरी लावायची नसती. तपासत राहायचं. आन् घरात ज्यांना कॅन्सर झाला त्यांची थुंकी आणायची — त्यांच्यात तो बदल न्हाई निघाला तर पारडं जरा बिनकामाकडं झुकतं, निघाला तर जरा घातकीकडं. मी म्हटलं, जराच? म्हणाल्या, जराच. एका माणसावरनं ठरत न्हाई. आता एका मतानं कुणी सरपंच होत न्हाई, पण मत मोजलं जातं का न्हाई? मग थुंक की. थांबलीस का?

त्यात झालं काय, बाई म्हणाल्या, घराण्याची माहिती लागंल. म्हटलं, मॅडम, तयार हाय, शिक्क्यासकट. फाईल गाडीतच असती माझ्या. वंशावळ काढली आन् ठेवली टेबलावर — तीच, आपल्या जमिनीच्या दाव्यातली, शपथेवर दिलेली, वडलांना एकुलता एक मी. बाईंनी बघितली, चष्मा पुसला, परत बघितली. म्हणाल्या, तुमच्याकडं चार पिढ्या फक्त मुलगेच जन्मले? म्हटलं, हो, आमचं पाणीच तसं. म्हणाल्या, आन् त्यांना जन्म कुणी दिला? — वंशावळीत बायकांची सोयच नसती. आईसुद्धा न्हाई तिच्यात. बिबवेवाडीच्या बिल्डिंगवर 'मुक्ताई हाइट्स' म्हणून लाईटचं नाव लावलंय तिचं, अख्ख्या रस्त्याला दिसतं, पण वंशावळीत न्हाई. तेवढ्यात ऋतिका बोलली — आत्या हाय ना. मी म्हटलं, कोण आत्या? बाई माझ्याकडं बघाय लागल्या. मग म्हटलं, हां... एक हाय. समोरची पार्टी.

हसू नकोस, सांडंल.

तर त्यांची पद्धत अशी — पुरुषाला चौकोन, बाईला गोल, कॅन्सर झाला असंल तर आतनं काळा करायचा, गेलेल्याला तिरपी रेघ. पेन दिलं माझ्याच हातात. आईचा गोल काढला, रेघ मारली. बाई म्हणाल्या, कशानं गेल्या? म्हटलं, पोट फुगलं, वाडीत म्हणायचे भाऊबंदांनी करणी केली. त्यांनी गोलाशेजारी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. मग तुझा गोल. वाकडा आला, पण मी काढला, आन् भरला काळा. म्हणाल्या, ह्या हयात आहेत? म्हटलं, हयात? दर तारखेला पहिल्या बाकावर बसलेली असती.

आता तू म्हणशील, वासंतीच्या माहेराकडनं आलं असंल हे. मी पण तेच म्हणत होतो. महिनाभर बायकोच्या सात पिढ्यांचा उद्धार केला मी, ती जेवायला वाढायची बंद झाली, मी खानावळीत जात होतो. मग? मग काय — वासंतीची थुंकी घेतली, स्वच्छ. माझी घेतली... ते जाऊ दे. तू थुंक. — अगं, किती रोखून बघतीस. हो. माझ्यातच निघालं. बास? म्हणून तर तुझ्या दारात आलो, न्हाई तर वासंतीच्या भावाच्या दारात गेलो असतो, त्याची लिफ्ट चालू हाय. बाई मग पुरुषांनापण काय काय होऊ शकतं ते सांगत होत्या, मी पंख्याकडं बघत होतो. भ्यालो न्हाई मी. जरा बीपी चढलं, एवढंच. पोरीला मागंल ते दिलं आक्का मी, आन् हे न मागताच दिलं. तिच्याकडं बघवत न्हाई मला.

आटलं का? चिंच आठव. आपल्या विहिरीवरची. आता तिथं 'बी' विंगचं पार्किंग झालंय, तेवढं सोड — तू वर फांदीवर, मी खाली सदरा पसरून, आन् तू मुद्दाम गाभुळलेल्या स्वतः खायचीस आन् हिरव्या माझ्या टाळक्यावर मारायचीस. मीठ आईच्या डब्यातलं. ...आलं ना पाणी? मलापण आलं.

झालं. गेली रेघेच्या वर. आण, झाकण घट्ट लावतो, हलवतो — बोलू नकोस अजून, एवढं उरकू दे. ही चिठ्ठी चिकटवली की मी चाललो. लिहूनच आणलीय बघ, नाव मथुराबाई, पेशंटशी नातं — 'वडिलांची सख्खी बहीण', खाली सही माझी. अक्षर बरं आलंय का न्हाई? बघ की हातात घेऊन.

फोटो कशाला काढतीस?

आक्का. कुणाला पाठवतीस? ...वकिलाला? अगं, तुझी जन्माची नोंद न्हाई म्हणून तर माझा वकील इतकी वर्षं नातं सिद्ध करा, नातं सिद्ध करा म्हणून नाचतोय, आन् मी माझ्या हातानं — आण ती चिठ्ठी इकडं. आण म्हणतो ना. दुसरी लिहितो, नुसतं 'ओळखीच्या बाई' —

न्हाई. नातं न्हाई लिहिलं तर त्या थुंकीचा काय उपयोग.

...खाली गाडीत बसलीय ऋतिका. वर ये म्हटलं तर म्हणाली, आत्या हाकलून देईल.

दाखव बघू फोटो. हे काय, हललाय हा. सही कुठं दिसतीय? हा तुझ्या वकिलाला चालायचा न्हाई. थांब, उजेडाकडं धरतो मी. हां. आता काढ. मी हलत न्हाई.