तसलंही गाणं आहे त्यांचं

…आणि वर मलाच म्हणतात, तुला कळत कसं नाही! अहो, कसं कळणार? घरमालकीण दारात येते, कमरेत वाकते, गोड हसते आणि म्हणते, "किरिहाता, काय छान गाणी ऐकता हो तुम्ही. अगदी खालपर्यंत ऐकू येतात. मलाही सुचवा ना एखाद-दोन." आता माणूस काय करेल? सुचवेल ना? मी सुचवली. तिथंच माती खाल्ली. तुम्हाला सांगतो, क्योतोत असं कुणी म्हटलं की 'माफ करा' म्हणून मान खाली घालायची आणि आवाज कमी करायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी पडलो पार उत्तरेकडच्या हाकोदातेचा. आमच्याकडे आवाज नको असला की शेजारी भिंतीवर दोन बुक्के घालतो, विषय संपला.

तर या निशिवाकीबाई. खाली त्या एकट्या, वर मी एकटा, मधे जुन्या लाकडाच्या फळ्या. आधीच्या दोन घरांतून या गाण्यांपायीच माझी उचलबांगडी झालेली, त्यामुळे ही खोली मला काही झालं तरी सोडायची नव्हती. मार्चमध्ये करार संपत होता आणि पुढं ठेवायचं की नाही ते बाईंच्या हातात. दिवसभर लोणच्याच्या कारखान्यात सलगम खारवायचे, संध्याकाळी घरी येऊन 'वासुरेगासा' लावायचं, दुसरं आहे काय मला? आणि इतक्या वर्षांत त्या बँडबद्दल एका शब्दानं विचारणारी ही पहिली बाई. मी हुरळणार नाही तर काय!

वासुरेगासा म्हणजे विसरलेली छत्री. नावाला जागतात हो, प्रत्येक अल्बमला आधीचा अल्बम विसरतात. पहिल्यात नुसता आरडाओरडा, दुसऱ्यात अंगाईसारखं काहीतरी, मग एकदम डिस्को, मग तीन तारांचं शामिसेन घेऊन कोळ्यांसारखी गाणी, आणि एकात तर गिटारवाला तासभर गिटार मांडीवर घेऊन नुसता बसलाय! पाकिटावर नाव वाचल्याशिवाय खरं वाटत नाही की हीच ती माणसं. मग नवख्या माणसाला सुचवायचं काय? तुम्हीच सांगा!

मी म्हटलं, बाईंनी खालून जे ऐकलं तेच देऊ. दिली 'दात'ची सीडी. सगळ्यात दणदणीत. चार दिवसांनी बाई संत्र्यांची पिशवी घेऊन वर. "फारच जोमदार आहे. माझ्या म्हाताऱ्या कानांना झेपत नाही, इतकंच." झेपत नाही? मग हळुवार ऐका की! तसलंही गाणं आहे त्यांचं! पळत जाऊन 'सरकता जिना' आणली. पुढच्या आठवड्यात तांदळाच्या कुरकुरीत चकत्या घेऊन हजर. इतकं शांत आहे की डोळाच लागला, म्हणाल्या. डोळा लागतो? अहो, मग नाचायला लावणारं घ्या, तसलंही गाणं आहे त्यांचं! त्यावर, या वयात नाचायचं कुठं, आम्ही जुनी माणसं… जुनी माणसं? तसलंही आहे! शामिसेनवालं, 'मंगळवारचा मासा'! यावेळी बाई क्षणभर माझ्याकडे बघतच राहिल्या. आणि दोन दिवसांत योकानच्या गोड वड्यांची पेटी आली, तीसुद्धा रांग लावून घ्यावी लागते त्या दुकानातली. संत्री, चकत्या, योकान… वाढत चाललंय की नाही प्रेम?

कारखान्यात मोठ्या तोऱ्यात शेजारी सलगम चिरणाऱ्या कुवाबाराला सांगितलं. हा जन्माचा क्योतोकर. त्यानं सुरी खाली ठेवली. "योकान? त्या दुकानातलं? अरे गाढवा, गप्प बस हे त्यांनी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं. आता त्या हात जोडतायत तुझ्यापुढं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला. त्याच संध्याकाळी हेडफोन आणले. सबंध थंडीभर वर चिटपाखरूही नसल्यासारखा राहिलो.

फेब्रुवारीत म्हटलं, माफी मागावी आणि कराराचंही विचारावं. खाली गेलो, तर स्वयंपाकघरात 'मंगळवारचा मासा' चाललेलं आणि बाई बरोबरीनं गुणगुणतायत! शेवटच्या कडव्यात ठेका मोडतो, भले भले तिथं घसरतात. बाई घसरल्या नाहीत. मला भरून आलं. मला बघून त्यांनी घाईघाईनं बंद केलं आणि म्हणाल्या, "हल्ली वर फार शांत असतं. तब्येत बरी आहे ना?" चहा विचारला, पुन्हा विचारला. कराराचं काढलं तर म्हणाल्या, "राहा की हवं तितकं. घाई काय आहे?"

आता कुणीही शहाणा माणूस बूड टेकून चहा प्यायला असता. पण मी शिकलेला झालो होतो ना! नको नको म्हणत उठलो आणि गेलो कुवाबाराकडे, अर्थ विचारायला. 'हवं तितकं' म्हणजे काय रे?

"चहा विचारला?"

"दोनदा."

"संपलं. इथं चहा विचारला की समजायचं, उठा आता. सामान बांध."

बांधलं! निघायच्या दिवशी बाईंनी सीड्या रुमालात बांधून परत दिल्या. एक कमी होती. "तो मासा कुठं गेला कोण जाणे. सापडेलसं वाटत नाही," असं माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे लाल. मग म्हणाल्या, "चला, आता घर कसं शांत होईल." टेम्पो वळेपर्यंत फाटकात उभ्या होत्या. हे मात्र मला कुवाबाराशिवाय कळलं हो. त्या बाईला आमची गाणी आवडायला लागली होती, आणि जगात दुसरं माणूस नाही ज्याच्याशी मी त्यावर दोन शब्द बोललो असतो. टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून मी लहान पोरासारखा रडलो. पण करणार काय? सामान भरलेलं, नवं घर ठरलेलं.

नवा घरमालक ओसाकाचा. किल्ली हातात ठेवली आणि तोंडावर सांगितलं, "इथं गाणी लावायची नाहीत." हसणं नाही, वाकणं नाही, काही नाही. तेव्हापासून तुम्हाला सांगतो, डोकं धरून बसलोय… यांना नेमकं कुठलं गाणं हवं असेल?